अध्याहृत आज्ञा

चेन्नई शहराच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या मार्गावर, पेरुंगुडी नावाचा भाग आहे. त्याच्या एका अंगास पळ्ळिकरणैची पाणथळ जमीन पसरलेली असून २०२२ मध्ये तिला रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. पेरुंगुडी हे पूर्वी शहराबाहेरचे गाव होते. २०११ मध्ये ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले. तत्पूर्वीच, जवळच्या तारामणी येथे २००० साली टायडल पार्क ही इमारत उघडल्यापासून, या मार्गाच्या दुतर्फा संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांची कार्यालये उभी राहू लागली होती. आज या मार्गाचे नाव राजीव गांधी सालै असे आहे, आणि रोज सकाळी उपनगरी गाडीने व बसने येथे उतरणारी माणसे बहुधा एकाच प्रकारच्या कामास निघालेली असतात: अनेकांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात आपली भर घालणे.

एकाच मजकुरावर शंभर माणसे एकाच वेळी हात चालवू लागली, तर त्याची काय अवस्था होईल याची कल्पना कोणाही शिक्षकास करता येईल. एकाने सुधारलेली ओळ दुसरा पुसून टाकील. कालचा शुद्ध पाठ आज सापडेनासा होईल. चूक कोणी केली हे कळण्यास मार्ग राहणार नाही. यावर उपाय म्हणून जी साधने निर्माण झाली, त्यांस आवृत्ती-नियंत्रणाची साधने म्हणतात. मजकुरात केलेला प्रत्येक बदल, तो कोणी केला, केव्हा केला आणि का केला, याची ही साधने नोंद ठेवतात. हा सर्व इतिहास जेथे राहतो त्यास भांडार म्हणता येईल. मूळ मजकुरास धक्का न लावता कोणास वेगळा प्रयोग करावयाचा असेल, तर तो भांडारात एक शाखा फोडतो. कार्यालयीन बोलीत तिला 'ब्रँच' म्हणतात. प्रयोग साधला, तर ती शाखा मूळ खोडास जोडली जाते. न साधला, तर ती तशीच वाळून जाते.

अशा साधनांत आज सर्वांत अधिक वापरले जाणारे साधन म्हणजे 'गिट' होय. लिनक्स या संगणक-प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ते एप्रिल २००५ मध्ये लिहावयास घेतले. लिनक्सच्या कामासाठी तोवर 'बिटकीपर' नावाचे दुसरे साधन वापरले जात असे. त्याचा विनामूल्य वापर बंद होताच ही गरज उत्पन्न झाली. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जुनिओ हमानो यांनी गिटची देखभाल आपल्याकडे घेतली आणि पुढे दीर्घकाळ ती सांभाळली. पुढील हकीकत बहुतांशी या देखभालीची आहे. तिचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. एखाद्या साधनाची जडलेली सवय, तिच्यावर विसंबून असलेल्यांचे काम न मोडता, कशी बदलावी, एवढाच तो प्रश्न आहे.

मराठी व्याकरणात 'अध्याहृत' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. 'पाणी आण' या वाक्यात 'तू' हा कर्ता उच्चारलेला नसतो, तरी तो धरूनच अर्थ लागतो. संगणकास दिलेल्या आज्ञेतही असाच बराचसा भाग अध्याहृत असतो. 'छाप' असे म्हटले, की किती प्रती, कोणत्या कागदावर, कोणत्या यंत्रावर, हे न सांगता ठरलेले असते. या न सांगता ठरलेल्या भागास इंग्रजीत 'डिफॉल्ट' म्हणतात, आणि पेरुंगुडीच्या कार्यालयांत काय किंवा पुण्याच्या हिंजवडीत काय, तोच शब्द तोंडी असतो. ज्याने काहीच सांगितले नाही त्याला काय हवे असावे, याविषयी साधनकर्त्याने बांधलेला तो एक अंदाज असतो. परंतु अंदाज वर्षानुवर्षे तसाच राहिला, की लोक त्यास वचन समजू लागतात. अडचणीचे मूळ येथेच आहे.

गिटमध्ये 'पुश' नावाची आज्ञा आहे. आपल्या संगणकावर केलेले काम सामायिक भांडारात पोहोचविणे हा तिचा हेतू. प्रश्न असा, की कोणत्या शाखा पोहोचवावयाच्या हे सांगितलेच नाही तर काय करावे? प्रारंभीच्या गिटने याचे उत्तर असे दिले होते: ज्या ज्या शाखेचे नाव दोन्हीकडे सारखे असेल, त्या सर्व एकदम पाठवाव्यात. या पद्धतीस 'मॅचिंग', म्हणजे नावे जुळविणारी, असे नाव होते. ही निवड अविचाराने झालेली नव्हती. लिनक्सच्या कामात एकेका प्रमुखाचे स्वतःचे असे प्रसिद्ध भांडार असे आणि त्यात त्याच्यावाचून कोणी लिहीत नसे. तो आपल्या सर्व शाखा नीट सिद्ध करी आणि मग एकदम प्रकाशित करी. अशा माणसास हा अंदाज तंतोतंत लागू पडतो.

पुढे गिटचा प्रसार झाला आणि वापरणाऱ्यांची जातकुळी बदलली. कार्यालयांत पन्नास माणसांचे एकच भांडार असू लागले. समजा, तेथील एका नवशिक्या अभियंत्याच्या संगणकावर तीन शाखा आहेत. एकीवर तो आज काम करीत आहे. दुसरीवर अर्धवट सोडलेला प्रयोग आहे. तिसरी दोन महिन्यांपूर्वी आणलेली असून सामायिक भांडारात ती केव्हाच पुढे गेली आहे. आजचे काम संपवून तो नुसते 'गिट पुश' असे लिहितो. त्याच्या मनात एकच शाखा असते. गिट तिन्ही पाठवू लागते. अर्धवट प्रयोग सर्वांच्या समोर जातो. जुनी शाखा गिट नाकारते, हे खरे, आणि ते योग्यच आहे. परंतु नकाराचा तो संदेश पाहून गोंधळलेल्या माणसाने जर 'बळाने पाठव' असा पर्याय जोडून तीच आज्ञा पुन्हा दिली, तर दोन महिन्यांत सहकाऱ्यांनी केलेले काम त्या शाखेवरून दिसेनासे होते. ते परत मिळविता येते, पण त्यासाठी जाणकार माणूस आणि थंड डोके लागते, आणि संध्याकाळी सात वाजता यांपैकी एकही वस्तू जवळ असेलच असे नाही.

दोष ध्यानात आला, तर तो लगेच दुरुस्त का करू नये? कारण ज्यांना तो दोष वाटत नाही असेही लोक आहेत. एखाद्याने रोज रात्री आपोआप चालणारी एक आज्ञावली लिहून ठेवली आहे. ती 'गिट पुश' एवढेच म्हणते आणि बाराही शाखा दुसऱ्या संगणकावर उतरवून ठेवते. सवय बदलताच ती आज्ञावली एकच शाखा उतरवू लागेल. ती कुरकुरणार नाही, तिच्यात काही बिघडल्याचे कोणास दिसणारही नाही. मूळ संगणक नादुरुस्त होईल त्या दिवशीच अकरा शाखा कोठेच नाहीत हे उघडकीस येईल. जे साधन एका माणसाचा अपघात टाळू पाहते, ते अशा रीतीने दुसऱ्याचा अपघात घडवून आणू शकते. शिवाय ज्याचा अपघात टळला तो आभार मानावयास येत नाही. त्याला ते कळलेलेच नसते.

गिटकर्त्यांना याचा अनुभव २००८ साली आला होता. त्यापूर्वी गिटच्या प्रत्येक आज्ञेचे नाव मध्ये संयोगचिन्ह घालून लिहिता येई आणि अशा शंभराहून अधिक लहान आज्ञावली वापरकर्त्याच्या समोरच मांडलेल्या असत. ऑगस्ट २००८ च्या १.६.० या आवृत्तीत त्या आतल्या कप्प्यात हलविल्या गेल्या आणि संयोगचिन्हाऐवजी मोकळी जागा सोडून लिहावे असे ठरले. हे आधी जाहीर केलेले होते. मात्र ती जाहिरात आवृत्तीसोबतच्या टिपणात होती. टिपणे वाचणारे थोडे आणि गिट वापरणारे पुष्कळ. ज्यांच्या जुन्या आज्ञावली अडल्या, त्यांनी मोठी तक्रार केली. टिपणात लिहिले होते एवढ्याने ती मिटणारी नव्हती. सरकारी राजपत्रात छापलेले सर्वांस ठाऊक आहे असे कायदा मानतो. गावकरी मात्र तसे मानत नाही.

यानंतर पद्धत पालटली. फेब्रुवारी २०१० च्या १.७.० या आवृत्तीत, दुसऱ्याच्या भांडारात तो ज्या शाखेवर प्रत्यक्ष बसलेला आहे तीच शाखा बाहेरून बदलण्यास मनाई करण्यात आली. परंतु त्याआधीच्या आवृत्त्यांत असा प्रयत्न करणाऱ्यास साधन स्वतःच एक लांबलचक इशारा देत असे. 'पुश'च्या प्रश्नातही हाच मार्ग अधिक बारकाईने अवलंबिण्यात आला. जून २०१२ च्या १.७.११ या आवृत्तीत प्रथम नवी पद्धत केवळ उपलब्ध करून देण्यात आली. तिचे नाव 'सिंपल'. चालू असलेली एकच शाखा पाठवावी, तीही समोरच्या बाजूस ठरलेल्या शाखेचे नाव तेच असेल तरच; नावांत फरक असल्यास काही न करता विचारावे, असा तिचा नियम. ज्याला ती हवी त्याने मागून घ्यावी. इतरांच्या सवयीस हात लावलेला नव्हता. ऑक्टोबर २०१२ च्या १.८.० पासून इशारा सुरू झाला. ज्याने आपली पसंती नोंदविलेली नाही, त्याने नुसते 'गिट पुश' म्हणताच साधन त्यास सांगू लागले, की या शब्दांचा अध्याहृत अर्थ २.० या आवृत्तीत बदलणार आहे. जुनाच अर्थ हवा असेल तर अमुक ओळ लिहून ठेवा, नवा आजच हवा असेल तर तमुक. दोहोंपैकी एक ओळ लिहिली, की इशारा कायमचा बंद होई.

त्या इशाऱ्यात आणखी एक वाक्य होते आणि त्यात साधनकर्त्यांचे शहाणपण दिसते. 'सिंपल' हा शब्द १.७.११ पूर्वीच्या गिटला समजत नाही. तेव्हा जे कधी कधी जुनी आवृत्तीही वापरतात त्यांनी त्याऐवजी 'करंट' ही मिळतीजुळती पद्धत निवडावी, असे तेथे सुचविलेले होते. कार्यालयातील सर्व संगणक एकाच दिवशी नवे होत नाहीत, ही गोष्ट ज्याने प्रत्यक्ष पाहिली आहे त्यालाच असे वाक्य सुचते. प्रत्यक्ष बदल २८ मे २०१४ रोजी २.० या आवृत्तीत झाला, आणि झाल्यानंतरही काही काळ साधन त्याची आठवण देत राहिले. 'मॅचिंग' पद्धत काढून टाकण्यात आली नाही. नाव घेऊन मागणाऱ्यास ती मिळतच राहिली.

येथे नव्या पद्धतीचा एक गुण सांगितला पाहिजे. संशय असेल तेथे ती थांबते. जुन्या अर्थाच्या जागी दुसरा तितकाच धाडसी अर्थ बसविला असता, तर बेसावध माणसाचे नुकसान एका प्रकारचे होते ते दुसऱ्या प्रकारचे झाले असते. नकार मिळाला तर पाच मिनिटे जातात. चुकीची शाखा सर्वांच्या भांडारात गेली, तर दिवस जातो.

भारतीय वाचकास या साऱ्या प्रकारात ओळखीचे काही दिसेल. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणेपद्धती अमलात आली. तोवर रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे आणि १९२ पै होत. नव्या पद्धतीत रुपयाचे १०० भाग झाले. रुपया मात्र होता तेवढाच राहिला, त्यामुळे पगार, कर्जे आणि भाडेचिठ्ठ्या यांस धक्का लागला नाही. पेच होता तो लहान नाण्याच्या नावाचा. 'पैसा' या शब्दाचा अर्थ रुपयाचा चौसष्टावा भाग असा रूढ होता. तोच शब्द उद्यापासून शंभराव्या भागास लावला असता, तर प्रत्येक दुकानात 'एक पैसा' म्हणजे कोणता पैसा यावरून तंटा उभा राहिला असता. म्हणून नव्या नाण्यास 'नवा पैसा' असे वेगळे नाव दिले गेले आणि हा रुपयाचा शंभरावा भाग होय असे त्या नाण्यावरच हिंदीत कोरले गेले. सूचना टिपणात न ठेवता ती प्रत्येकाच्या हातात देण्याचा हा प्रकार होता. जुनी व नवी नाणी काही वर्षे बरोबरीने चालली. मग १ जून १९६४ पासून 'नवा' हा शब्द गळला. तोवर जुन्या पैशाची आठवण पुसट झालेली होती.

यातही सर्वांचे समाधान झाले असे नाही. चार आणे म्हणजे २५ आणि आठ आणे म्हणजे ५० हे सरळ होते. पण एक आणा म्हणजे सव्वासहा. एकेक आण्याच्या चार वस्तू निरनिराळ्या वेळी घेणारा दर वेळी ६ नवे पैसे देई, म्हणजे एकूण २४; चारही एकदम घेणारा २५ देई. बदल कितीही विचारपूर्वक केला, तरी कोठेतरी असा पाव पैसा उरतोच. जेथे नवे माप जुन्यावर नेमके बसले तेथे मात्र जुनी भाषा सहज टिकली, आणि २५ पैशांस 'चार आणे' म्हणणारी माणसे महाराष्ट्रात पुढे कित्येक दशके होती.

नाणे माणसे हाताळतात. आवृत्ती-नियंत्रणाच्या साधनाचे मात्र दोन वाचक असतात. एक माणूस, आणि दुसरी ती आज्ञावली, जी माणसाच्या अनुपस्थितीत त्या साधनास आज्ञा देते आणि त्याचे उत्तर अक्षरशः वाचते. माणसास उत्तरातील एखादा शब्द बदललेला कळतसुद्धा नाही. दुसऱ्या वाचकाचे त्याने सर्वस्वी अडते. म्हणून गिटच्या आज्ञांचे प्रारंभापासून दोन वर्ग कल्पिलेले आहेत. आत असणाऱ्या मूलभूत आज्ञांस 'प्लंबिंग', म्हणजे नळजोडणी, म्हणतात. माणसाच्या दृष्टीस पडणाऱ्यांस 'पोर्सेलीन', म्हणजे चिनी मातीचे भांडे, म्हणतात. भांड्याचा आकार व रंग बदलावा, नळाचा व्यास बदलू नये, असा संकेत आहे. कामाची सद्यःस्थिती सांगणाऱ्या 'स्टेटस' या आज्ञेस आज्ञावलींसाठी स्थिर राहील असा वेगळा उत्तर-नमुना १.७.० मध्ये देण्यात आला. गमतीचा भाग असा, की तो नमुना मागण्याच्या पर्यायाचे नावच 'पोर्सेलीन' आहे. भांडे बनविणाऱ्यांसाठी, असा त्याचा अर्थ. नवशिका मात्र नेमके उलटे समजतो. आता ते नावही बदलता येत नाही, कारण असंख्य आज्ञावली ते वापरून बसल्या आहेत.

गिटच्याच महिन्यात, एप्रिल २००५ मध्ये, सुरू झालेल्या 'मर्क्युरियल' या दुसऱ्या साधनाने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. तेथे माणसास आपल्या आवडीप्रमाणे आज्ञांचे अर्थ पुष्कळ बदलून घेता येतात, अगदी मूळ आज्ञेच्या नावानेच नवी आज्ञा बनविता येते. परंतु आज्ञावलीने आरंभी एक खूण दिली, की हे सर्व वैयक्तिक अलंकार बाजूस ठेवून साधन आपल्या मूळच्या साध्या रूपात उत्तर देते. नवी अधिक सोयीची वर्तने एकत्र मागून घेण्यासाठीही तेथे एकच ओळ पुरते. गिटने अशी मोकळीक दिलेली नाही. मूळ आज्ञेचे नाव घेऊन कोणी तिला वेगळा अर्थ देऊ लागल्यास गिट तिकडे दुर्लक्ष करते, यासाठी की दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली आपल्या संगणकावर चालविताना तिच्या शब्दांचे अर्थ पालटू नयेत.

इशारा देणे हे मात्र दुधारी शस्त्र आहे. सामायिक भांडारातील काम आपल्याकडे आणण्याची जी 'पुल' आज्ञा, तिच्या बाबतीत हे दिसून आले. दोन्ही बाजूंस निरनिराळे बदल झालेले असतील तर ते कोणत्या रीतीने एकत्र करावेत, हे ठरविण्याचा आग्रह जून २०२० च्या २.२७ या आवृत्तीने धरला. परंतु तेथे इशारा प्रत्येक वेळी येऊ लागला, जेव्हा जुळविण्यासारखे काही नव्हते तेव्हाही. लोक त्रासले. पेरुंगुडीच्या मार्गावर दिवसभर वाजणाऱ्या भोंग्यांकडे जसे कोणी लक्ष देत नाही, तसेच अशा इशाऱ्याचे होते. पुढे तो खरोखरच दोन्हीकडे बदल झालेले असतील तेवढ्यापुरता मर्यादित केला गेला, आणि २०२१ मध्ये अशा प्रसंगी पसंती नोंदविल्यावाचून पुढे न जाण्याची नवी सवय गिटला लावण्यात आली.

सर्वांत अधिक गाजलेला बदल नावाचा होता. नव्या भांडारातील पहिल्या शाखेस गिट आपण होऊन 'मास्टर' असे नाव देत असे. गुलामगिरीचे स्मरण करून देणारा हा शब्द नको, असे मत २०२० मध्ये जोराने पुढे आले. जुलै २०२० च्या २.२८ या आवृत्तीत गिटने पहिल्या शाखेचे नाव ठरविण्याची सोय दिली, परंतु स्वतःची सवय तशीच ठेवली. गिटची भांडारे सांभाळणाऱ्या 'गिटहब' या संस्थेने मात्र १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या भांडारांसाठी 'मेन' हे नाव धरले. परिणाम असा, की विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर भांडार निर्माण केले तर 'मास्टर', आणि तेथे केले तर 'मेन'. शिकविलेल्या ओळी जशाच्या तशा लिहूनही असे कोणतेच नाव नाही असा संदेश त्याच्या वाट्यास येई. दोन्ही पक्षांचे निर्णय आपापल्या जागी समंजस होते. गोंधळ त्यांच्यामधल्या अंतराने झाला.

या अंतराचाही एक जुना दाखला मद्रास आणि मुंबई यांच्या इतिहासात आहे. आगगाड्या पूर्वी मद्रासच्या वेधशाळेने ठरविलेल्या वेळेवर चालत. १९०६ च्या आरंभी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मद्रासला घड्याळ ९ मिनिटे पुढे करावे लागले आणि तेथे फारसे बिघडले नाही. मुंबईस ते ३९ मिनिटे पुढे करावयाचे होते, आणि मुंबईकरांस विश्वासात घेण्यात आलेले नव्हते. विरोध झाला, आणि शहराच्या काही भागांत मुंबई-वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. जवळजवळ पन्नास वर्षे मुंबईत भेटीची वेळ ठरविताना ती कोणत्या घड्याळाची हेही सांगावे लागत असे. म्हणजे जो भाग अध्याहृत राहावयाचा, तोच मोठ्याने उच्चारावा लागत असे.

'मेन' हे नाव आपली स्वतःची सवय म्हणून ३.० या मोठ्या आवृत्तीत स्वीकारण्याचे गिटकर्त्यांनी ठरविले आहे. त्याच आवृत्तीसाठी याहून खोल असा एक बदल योजलेला आहे. भांडारातील प्रत्येक नोंदीस तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक ओळखक्रमांक असतो. ज्या 'शा-१' या रीतीने तो काढला जातो, ती फसविता येते, म्हणजे दोन भिन्न मजकुरांस एकच क्रमांक आणता येतो, हे फेब्रुवारी २०१७ मध्ये अॅमस्टरडॅमची गणितसंस्था व गूगल यांच्या संशोधकांनी प्रत्यक्ष करून दाखविले. त्याच वर्षी गिटने असा कपटी मजकूर ओळखून नाकारणारी तपासणी बसविली, आणि २०२० च्या अखेरीस 'शा-२५६' ही बळकट रीत प्रायोगिक म्हणून उपलब्ध केली. ३.० मध्ये नव्या भांडारांसाठी तीच अध्याहृत असावी असा संकल्प आहे. जुन्या रीतीचा क्रमांक चाळीस अक्षरांचा, नव्या रीतीचा चौसष्ट. आणि क्रमांक चाळीसच अक्षरांचा असतो असे गृहीत धरून लिहिलेल्या आज्ञावली जगभर किती ठिकाणी चालू आहेत, याची गणती कोणापाशी नाही. जी भांडारे आज अस्तित्वात आहेत ती आपल्या जुन्याच रीतीने उघडतील व चालतील. नवा नियम लागू होईल तो अशा भांडारांस, ज्यांत अद्याप पहिली ओळही लिहिली गेलेली नाही.